मोताळ्याची बरणी

हे मी फार वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे दोनदा आठवणी मागितल्या. दोन्ही वेळा मी लिहून दिल्या. जुन्या प्राचार्यांवर लिहिलं, नव्या प्रयोगशाळेवर लिहिलं, गॅसच्या नळ्या बसल्या त्या दिवशी शिपायाने नारळ फोडला होता त्यावरसुद्धा लिहिलं. एक माणूस तेवढा दोन्ही वेळा वगळला. अंक हातात आला की मी आधी पानं चाळून पाही, दुसऱ्या कोणाच्या लेखात चुकून त्यांचा उल्लेख आला नाही ना.

त्यांना जाऊन आता वर्ष झालं. नाव इथेही लिहीत नाही. ज्यांना ते माहीत आहेत त्यांना दोन ओळींत कळेल.

मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. शेवटची काही वर्षं विभागप्रमुख होतो. ते वनस्पतिशास्त्र शिकवायला होते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यांचा मोबदला, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज. असे अकरा जून त्यांनी काढले होते. त्यांच्या विभागात जागा नव्हती म्हणून आमच्या प्रयोगशाळेमागची एक अडगळीची खोली मी त्यांना वापरायला दिली. तिच्या दोन चाव्या होत्या. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. खोली दिली याचं मला फार कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते सांगत असे.

त्या खोलीत ते बुरशी वाढवत.

अंगाने सडपातळ, रंगाने काळे, हात कोपरापर्यंत धुतलेले आणि सतत ओलसर. एकाच निळ्या चौकटीचे दोन शर्ट होते, त्यामुळे ते कपडे बदलतच नाहीत असा मुलांचा समज होता. वर्गात वऱ्हाडी बोलत. "पाहा बरं पोट्टेहो, हिले पानं नाहीत, मुळं नाहीत, डोये नाहीत. मंग हे जगते काऊन?" असं विचारून खुर्चीत बसत आणि उत्तर येईपर्यंत बसून राहत. आमचे प्राचार्य पुण्यात शिकलेले. त्यांना हे खटके. "सर, प्रमाण मराठीत शिकवा," त्यांनी एकदा सांगितलं. सर म्हणाले, "बुरशी जानेफळची हाय, साहेब. तिले पुण्याचं समजत नाई."

जानेफळ त्यांचं गाव. बौद्ध वस्तीत विहाराला लागून त्यांचं घर होतं, थोडी शेती होती आणि एक धाकटी बहीण होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही. आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर विनोद मात्र बरेच केले.

पावसाळा लांबला आणि उभ्या ज्वारीची कणसं काळी पडली की लोकांचे चेहरे उतरत. सरांना तेव्हा उसंत नसे. एसटीने देऊळघाट, मेहकर, कुठे कुठे जात आणि शेताच्या बांधावर उभं राहून सडलेलं धान्य मागत. मोताळ्याच्या आठवडी बाजारात एकदा एका व्यापाऱ्याच्या पोत्यासमोर उकिडवं बसून ते एक एक बुरसलेला दाणा निवडून पिशवीत टाकत होते. व्यापाऱ्याला वाटलं, अन्न तपासणीचे साहेब आले. त्याने चहा मागवला, पोतं आत नेलं आणि स्वच्छ ज्वारीचं दुसरं पोतं पुढे आणून ठेवलं. "हे नोको ना भाऊ," सर म्हणाले, "तेच आन. चांगल्याचं मी काय करू?" व्यापाऱ्याने हात जोडले म्हणे. सर ही गोष्ट सांगत तेव्हा स्वतः अजिबात हसत नसत, आम्ही का हसतो तेही त्यांना कळत नसे.

हे सगळं एका आम्लासाठी चाललेलं असे. कोजिक आम्ल. जपानात भातावर एक बुरशी मुद्दाम वाढवतात आणि तिच्यापासून खायचे-प्यायचे पदार्थ करतात. त्या जातीची बुरशी हे आम्ल आपल्या अंगातून बाहेर सोडते. सरांनी आपल्याकडच्या ज्वारीवरून ती बुरशी वेगळी काढली होती. शिजवलेल्या भातावर वाढवायची, मग साखरेच्या पाण्यात घालायची, पंधरा दिवसांनी गाळायची, आटवायची, आणि तळाशी जे पिवळट खडे बसतात ते पुन्हा पुन्हा विरघळवून, गाळून स्वच्छ करायचे. याला ते "धुणं" म्हणत. चार वेळा धुतलं की सुईसारखे पांढरे स्फटिक मिळत. त्यावर फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकला की गर्द लाल रंग येई. नवा माणूस खोलीत आला की सर आधी तो थेंब टाकून दाखवत. "लाल झालं म्हंजे आहे. झालं! माणसासाठी अशी टेस्ट निंघाली पायजे."

कापलेलं वांगं, बटाटा, सफरचंद हवेत काळं पडतं. हे आम्ल ते काळं पडणं थांबवतं. सरांचा प्रबंध त्यावरच होता, भाज्या आणि फळं कापल्यावर टिकवायची कशी. ते स्टाफरूमच्या टेबलावर वांग्याची दोन अर्धुकं ठेवत. एक आम्लाच्या पाण्यात बुडवलेलं, एक तसंच. चहा होईपर्यंत एक काळं पडे आणि दुसरं पांढरंच राही. "आता भरीत कोणत्याचं करता?" असं आम्ही विचारायचो. एकदा ते गंभीरपणे म्हणाले, "काळ्याचं. चव त्यातच असते."

खोलीत जायचं तर चपला बाहेर. याला अपवाद नव्हता. कॉलेजच्या तपासणीला समिती आली तेव्हा प्राचार्य तिघांना घेऊन दारात उभे राहिले आणि सर आडवे आले. "चपला काढा लागतीन."

"अहो, पाहुणे आहेत!" प्राचार्यांनी दात आवळले.

"बुरशीले काय समजते कोन पाहुनं?"

पाहुण्यांत एक बाई होत्या, पुण्याच्या. त्यांच्या बुटांना पट्टेच पट्टे. त्या शिपायाच्या स्टुलावर बसल्या, हसत हसत बूट काढले आणि खोलीत पाऊण तास राहिल्या. समितीच्या अहवालात आमच्या सबंध कॉलेजबद्दल एकच चांगला परिच्छेद होता, तो त्या खोलीबद्दल. प्राचार्यांनी तो चौकटीत लावला. अहवालात सरांचं नाव नव्हतं. "खोली उपलब्ध करून दिली" म्हणून माझं होतं.

आता त्यांच्या वहीबद्दल. पुढचं सगळं तिच्यावरून झालं, म्हणून नीट सांगतो.

लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची ती वही होती. रोज सकाळी खोली उघडली की आधी वहीत लिहायचं, मग बाकीचं. आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. एकदा शिपाई म्हणाला, "सर, काल लाइन गेल्ती दोन घंटे, लिवून घ्या." बुरशी उबेत ठेवायची पेटी विजेवर चाले. सरांनी लिहिलं, "सकाळी आलो तेव्हा पेटी गार होती." मी वाचून म्हणालो, "अहो, लाइट गेली होती असं सरळ लिहा की." ते म्हणाले, "गेली असंन. मी कुठी पाह्यली?" बरण्यांवरच्या चिठ्ठ्याही अशाच. धान्य कुठून आलं, कोणी दिलं, किती वेळा धुतलं. "देऊळघाट. म्हातारीने दिलं, पाणीही दिलं. तीन धुणी झाली." त्या चिठ्ठ्यांना आम्ही सरांच्या कविता म्हणायचो.

हळूहळू गावात वेगळीच बातमी पसरली. औषधांच्या दुकानात रंग उजळायच्या मलमांवर बारीक अक्षरात याच आम्लाचं नाव असतं, हे कोणाच्या तरी मुलीने वाचलं. मग बायका येऊ लागल्या. आमच्या सहकाऱ्यांच्या बायका, शेजारणी, शिपायाची मेहुणी. सर प्रत्येकीला खोलीबाहेर स्टुलावर बसवून वांग्याची अर्धुकं दाखवत. "बाई, हे वांग्यासाठी आहे. माणूस कापून ठेवल्यानं काळा होत नाई." एक बाई फटकन म्हणाल्या, "तुमीच पाहा ना सोताकडे! तुमाले काय समजते?"

"म्हनूनच तं इश्वास ठेवा," सर म्हणाले. "खोलीत बरनी भरून आहे अन् मी लावत नाई."

माझ्या मुलीचा रंग माझ्या आईवर गेला. सावळा म्हणायची पद्धत आहे. ती तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, सरांची विद्यार्थिनी होती आणि त्यांच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. घरी माझी बायको तिच्या लग्नाच्या मागे लागली होती. तीन वेळा पाहण्याचा कार्यक्रम झाला. पोहे झाले, प्रश्न झाले, तिन्ही वेळा "कळवतो" असं सांगून मंडळी गेली. चौथं स्थळ अकोल्याचं होतं, इंजिनिअर मुलगा. ते एप्रिलमध्ये येणार होते. हातात तीन आठवडे होते.

मी सरांना विचारलं. मला वाटलं होतं, मला ते नाही म्हणणार नाहीत.

ते पेटीत हात घालून भाताची ताटं सरकवत होते. "पोरीले काय झालं?"

"झालं काही नाही हो. जरा रंग..."

"रंग तं चांगला आहे."

"सर, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

त्यांनी हात बाहेर काढले, पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, माही बहीन माह्याहून काळी आहे. पाच घरचे पाहून गेले. मायनं माह्या पाया पडनं बाकी ठेवलं होतं, दे म्हने थोडंसं. नाई देल्लं. तिले नाई देल्लं ते तुमच्या पोरीले कसं देऊ? अन् ते देन्यासारखं नाईच. माह्या भांड्यातलं आहे, त्यात अजून काय काय उतरलं असंन मलेच माईत नाई."

मी "बरं" म्हणालो. मनात मात्र राग आला. खोली माझी, आणि हा माणूस मला नाही म्हणतो.

पुढच्या आठवड्यात ते बाजाराच्या दिवशी मोताळ्याला गेले होते. दुपारी मी माझ्या चावीने खोली उघडली. चोरी करायला जाताना मी चपला बाहेर काढल्या होत्या. धुतलेले स्फटिक ते कपाटात कुलपात ठेवत, त्याची चावी माझ्याकडे नव्हती. मांडणीवर मोठी बरणी होती. चिठ्ठी होती: "मोताळा. आठवडी बाजार. अजून धुतलं नाही. हात लावू नये."

मी ती वाचली. नीट वाचली. आणि मला वाटलं, मी रसायनशास्त्राचा माणूस, तीस वर्षं मुलांना हेच शिकवतोय. धुणं मला येत नाही होय? सर ज्याला चार वेळा आणि आठ दिवस लावत, ते मी एका दुपारी, एकदाच विरघळवून उरकलं. पांढरं दिसलं, मला पुरेसं वाटलं. बाजारच्या मलमात ते शंभरात एखादा भाग असतं हे मला माहीत होतं. पण तीन आठवड्यांत काम व्हायचं होतं. मी चमच्याने घातलं.

डबी बायकोच्या हातात दिली तेव्हा तिने विचारलं, "तुमी केलं काय हे?"

"छे, सरांनी दिलं."

माझ्या हातचं म्हटलं असतं तर तिने ते पोरीच्या तोंडाला लावू दिलं नसतं. मी केलेला दंतमंजनाचा प्रयोग घरात सगळ्यांना आठवत होता. मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सरांनी? बाबा, खरंच सरांनी दिलं? ते तर कोणालाच देत नाहीत."

"तुझ्यासाठी म्हणून दिलं," मी म्हणालो.

तिचा चेहरा केवढा खुलला होता. तिने ते माझ्यासाठी लावलं नाही, आईसाठी नाही, अकोल्याच्या मुलासाठी तर नाहीच. सरांनी दिलं म्हणून लावलं.

पाचव्या दिवशी ती प्रात्यक्षिक परीक्षेला उन्हातून गाडीवर गेली आणि घरी आली ती तोंडाला ओढणी दाबून. दोन्ही गाल आणि हनुवटी लालभडक, संध्याकाळपर्यंत पाणी भरलेले फोड. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, "हे काय लावलं होतं? कोणी दिलं?" बायकोने सांगितलं. मी तिथेच उभा होतो. घरी येऊन पहिलं काम मी केलं ते डबी मोरीत धुऊन टाकण्याचं.

फोड बसले. त्या जागी काळे डाग राहिले. अकोल्याच्या लोकांना आम्हीच येऊ नका म्हणून कळवलं.

माझा मेहुणा आमच्या संस्थेच्या संचालक मंडळावर होता. त्याला बहिणीने फोन केला. दुसऱ्या दिवशी तो दोन माणसं घेऊन आला, तिघंही बुटांसकट खोलीत शिरले. ताटं, पेटी, बरण्या, सगळं मागच्या मैदानात गेलं. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो, आवाज ऐकू येत होता. शिपायाने मला नंतर सांगितलं, सरांनी कोणाला अडवलं नाही. फक्त मेहुण्याला पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "पोरीले उन्हात नेऊ नोका. डबीत उरलं असंन तं मले आनून द्या. मी पाहून सांगतो त्यात काय होतं, डाक्टरले कामी पडीन."

"आता डबी पायजे काय बे तुले?" मेहुणा म्हणाला. "पुरावा मिटवाले?"

घरी आल्यावर त्याने मला विचारलं, "भाऊजी, डबी कुठी आहे?" मी म्हणालो, रागाच्या भरात फेकून दिली. तो म्हणाला, "बरोबर केलं. मीबी फेकली असती."

चौकशी झाली. प्राचार्य, संस्थेचे एक जण आणि एक वरिष्ठ प्राध्यापक. माझ्याकडून लेखी मागितलं आणि मी लिहून दिलं. घरात तोंडी बोललेलं खोटं एक वाक्य होतं, कागदावर त्याची दीड पानं झाली. "सदर प्राध्यापकांनी माझ्या मुलीस वापरण्यासाठी सदर पदार्थ दिला." सदर, सदर. खोटं लिहायला ती भाषा फार सोयीची आहे.

सर वही घेऊन आले होते. बाकी सगळं गेलं होतं, वही त्यांच्या पिशवीत होती म्हणून वाचली. त्यांनी एक पान उघडून वाचलं: "बुधवार. मोताळ्याची बरणी दोन बोटं कमी. खोलीला कुलूप होतं."

प्राचार्यांनी विचारलं, "चाव्या कोणाकोणाकडे असतात?"

"दोघांइकडे. माह्याकडे अन् सरांइकडे."

"म्हणजे तुमचं म्हणणं, सरांनी नेलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. वर्गात प्रश्न विचारून खुर्चीत बसायचे, तसे ते पाहत होते. मी बोलेन याची वाट पाहत होते.

मी पंख्याकडे पाहिलं.

"मी पाह्यलं नाई," सर म्हणाले. "पाह्यलं नाई ते मी म्हनत नाई."

"मग मुलीला तुम्ही दिलं नाही, हे तरी म्हणता का?"

"हाव. मी देल्लं नाई."

"पण सरांनी लिहून दिलंय."

"त्याइनं लिहिलं असंन," सर म्हणाले आणि वही मिटली.

मी गप्प का बसलो याची बरीच उत्तरं मी स्वतःला दिली. बायको काय म्हणेल, मेहुणा काय करेल, नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. ती सगळी खरी आहेत. पण एक उत्तर मी स्वतःलाही देत नव्हतो, ते इथे लिहितो. त्यांच्या जागी आमच्या समाजातला, आमच्या नात्या-ओळखीतला कोणी असता, तर "यांनी दिलं" असं म्हणताना माझी जीभ थोडी तरी अडखळली असती. मेहुण्याने त्याला "बे" म्हटलं नसतं. तिघं जण बुटांसकट आत शिरले नसते. मी स्वतःला सुधारलेला समजत होतो. त्यांच्या डब्यातला ठेचा मी खात असे आणि खातो हे लोकांना दिसेल अशी काळजीही घेत असे.

त्यांना काढलं नाही. काढावं लागतच नाही. जूनमध्ये त्यांचा अर्ज घेतला नाही, एवढंच. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्राची कायम जागा भरायची होती, अकरा वर्षं ते जिची वाट पाहत होते ती. ती दुसऱ्याला मिळाली. प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी काही प्रयोग पुन्हा करायला सांगितले होते. बुरशी गेली होती, खोलीला मी नवं कुलूप घातलं होतं. प्रबंध तिथेच राहिला. सर जानेफळला गेले, भाजीपाला लावला, मेहकरला जाऊन शिकवण्या घेऊ लागले.

मुलीने त्या उन्हाळ्यात एकदाच विचारलं, "बाबा, ते सरांनी दिलं नव्हतं ना?" मी म्हणालो, "आता उकरून काय फायदा?" तिने पुन्हा विचारलं नाही. मग दुसरंही फारसं काही विचारलं नाही. पुढे नोकरीला लागली, आपल्या पसंतीने लग्न केलं, नागपूरला स्थायिक झाली. डाग फिके झाले आहेत. जबड्याच्या कडेला एक आहे, तो ती झाकत नाही. बायको गेल्यावर तिचा फोन महिन्यातून एकदा येई. "बरे आहात?" "बरा आहे." संपलं.

दीड वर्षापूर्वी सर आजारी असल्याचं जुन्या शिपायाकडून कळलं आणि मी एसटीने जानेफळला गेलो. रस्ताभर वाक्य जुळवलं. "सर, ती बरणी मी उघडली होती. माझ्याकडून तुमचं आयुष्य वाया गेलं. मला क्षमा करा." वाक्य पाठ झालं होतं.

ते अंगणात बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. मला पाहून उठायला लागले. "अरे, सर! या ना. काऊन त्रास घेतला एवढा?"

बहिणीने पाणी आणलं. पन्नाशीच्या असतील, अंगणवाडीत शिकवत. माझं नाव ऐकून म्हणाल्या, "तुमीच काय ते? दादा लय नाव काढते तुमचं. म्हनते, खोली देल्ली त्याइनं, नाईतं मी काईच करू शकलो नसतो."

मी पाणी प्यायलो. सरांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "पोरगी कशी आहे?"

"चांगली आहे. नागपूरला असते."

"चेहरा?"

"चांगला आहे."

"मंग झालं," ते म्हणाले. शेजारच्या घरात कोणीतरी मिरच्या कांडत होतं. मला ठसका आला, बहिणीने आणखी पाणी दिलं. चहा झाला. सोयाबीनच्या भावावर बोलणं झालं. मी तिथे सव्वा तास होतो.

निघालो तेव्हा ते काठी घेऊन रस्त्यापर्यंत आले. म्हणाले, "सर, काई काम होतं काय? एवढ्या दुरून आले."

"नाही," मी म्हणालो. "सहज. भेटावंसं वाटलं."

"बरं केलं," ते म्हणाले. एसटी आली.

पाच महिन्यांनी ते गेले. मला मुलीचा फोन आला. तिला माझ्या आधी कळलं होतं, म्हणजे तिने संबंध ठेवला होता. "बाबा, सर गेले." मग म्हणाली, "त्यांच्या बहिणीने सांगितलं, तुम्ही मध्ये जाऊन आलात म्हणून."

"हो."

"बोललात त्यांच्याशी? ते?"

"हो," मी म्हणालो. "बोललो. माफी मागितली."

ती रडायला लागली. लग्नानंतर मी तिचं रडणं ऐकलं नव्हतं. "मला वाटलं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल असं वाटलं नव्हतं. काय म्हणाले सर?"

"बरं केलं म्हणाले."

तेव्हापासून ती रोज फोन करते. गोळ्या घेतल्या का विचारते, जेवणात काय होतं विचारते, नातवाला फोनवर आणते. दिवाळीला येऊन आठ दिवस राहिली. इतक्या वर्षांनी मला मुलगी परत मिळाली आहे, ती या एका वाक्यावर. ते वाक्य मी जानेफळला बोललोच नाही. गेले काही महिने फोन वाजला की ठरवतो, आज हिला सांगायचं. ती "बाबा" म्हणते, आणि मी गोळ्या घेतल्या म्हणून सांगतो.

म्हणून हे या वर्षीच्या अंकासाठी लिहून पाठवतो आहे. ती वाचेल. सर वाचणार नाहीत.